शस्त्रक्रियेनंतरचा हात

धुळ्याहून आग्र्याकडे जाणाऱ्या सडकेनें उत्तरेस निघालें म्हणजे सुमारें वीस किलोमीटरांवर सोनगीर लागतें. डोंगरावर जुना किल्ला, पायथ्याशीं गांव, आणि गांवांत तांब्यापितळेच्या भांड्यांवर पडणारा हातोडीचा ठोका. खानदेशांतल्या कितीतरी मुलींबरोबर सासरीं गेलेला हंडा सोनगीरच्या तांबटाच्या हातचा असे. पाण्यानें भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालणारी स्त्री पाहणाऱ्याला तिच्या मानेचें कौतुक वाटतें. खांदा किती राबतो याचा हिशेब कोणी करीत नाहीं. पंधरा लिटरांचा हंडा भरला म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन पंधरा किलो. तें दोन्ही हातांनीं कमरेपर्यंत आणायचें, एका हिसक्यासरशीं डोक्यावर चढवायचें, आणि घर येईपर्यंत एक हात उंच धरून सांवरायचें. आखाजीच्या सणाला याच खांद्यांवर आणखी एक काम पडतें. पुरणाचा मांडा करतांना सैल भिजविलेली कणीक दोन्ही हातांवर घोळवीत, फिरवीत, पार कोपरापर्यंत पसरावी लागते, आणि मग ती अलगद पालथ्या खापरावर टाकावी लागते. त्याच सणाला माहेरीं आलेल्या मुली झोक्याचे दोर डोक्याच्या वर पकडून गाणीं म्हणतात.

स्तनाच्या कर्करोगासाठीं शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला नेमक्या याच हालचाली अवघड होतात. या रोगाच्या उपचारांचा इतिहास सांगतांना जीव किती वर्षें वांचला एवढेंच बहुधा सांगण्यांत येतें, आणि तें स्वाभाविकहि आहे. परंतु त्या वांचलेल्या जिवाच्या हाताचें पुढें काय झालें, हा त्याच इतिहासाचा एक मागें पडलेला भाग आहे. तो सव्वाशे वर्षांचा असून त्याचीं पहिलीं साठ वर्षें हाताच्या हानीचीं आणि नंतरचीं कित्येक वर्षें हाताविषयींच्या भीतीचीं आहेत.

हाताचा आणि स्तनाचा संबंध काय, असें कोणी विचारील. रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांखेरीज शरीरांत आणखी एक बारीक नाल्यांची वाट असते. तिच्यांतून लसिका नांवाचा पाण्यासारखा द्रव वाहतो. हाताची आणि स्तनाची, दोहोंची लसिका काखेंतल्या ग्रंथींतून पुढें जाते. कर्करोग स्तनांतून बाहेर पडूं लागला म्हणजे त्याचा पहिला मुक्काम पुष्कळदां याच ग्रंथींत होतो. म्हणून शस्त्रवैद्य त्या काढतात. त्या काढल्या कीं हाताच्या लसिकेचीहि वाट मोडते. पांझरेच्या कांठच्या फडांत पाटाचें तोंड बुजलें म्हणजे पाणी जसें मागें तुंबतें, तसा तो द्रव हातांत तुंबतो आणि हात सुजतो. दुसरी अडचण खांद्याची. छातीवरची कातडी आणि स्नायू जखम भरतांना आंखडतात. दुखेल या धास्तीनें स्त्री हात अंगाशीं धरून बसते. आणि न हलविलेला सांधा कांहीं आठवड्यांतच धरतो. मग केंस विंचरणें, पाठीमागें हात नेणें, फडताळांतला डबा काढणें, यांपैकीं एकहि गोष्ट पूर्वींसारखी होत नाहीं.

गुंगीचें औषध नव्हतें तेव्हां असल्या शस्त्रक्रिया अगदीं क्वचित् होत. जपानांतील हानाओका सेइशू या वैद्यानें १८०४ सालीं स्वतः तयार केलेलें गुंगीचें औषध पाजून एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या स्तनांतील गांठ काढली. इंग्रज कादंबरीलेखिका फॅनी बर्नी हिच्यावर १८११ सालीं पॅरिसमध्यें नेपोलियनच्या सैन्यांतील प्रसिद्ध शस्त्रवैद्य लारे यानें शस्त्रक्रिया केली ती मात्र पूर्ण शुद्धीवर. पुढें कित्येक महिन्यांनीं तिनें बहिणीला पत्र लिहून तें सर्व वर्णन केलें, आणि ती १८४० पर्यंत जगली. वैद्यकाच्या इतिहासांत तें पत्र आजहि वाचलें जातें. परंतु हाताच्या प्रश्नाला खरी सुरुवात झाली ती गुंगी आणि जंतुनाशक द्रव्यें हातीं आल्यावर. कारण तेव्हांपासून शस्त्रवैद्याला घाई उरली नाहीं, आणि तो खोल जाऊं शकला.

सर्वांत खोल गेला तो अमेरिकेंतील बाल्टिमोर येथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा विल्यम स्ट्युअर्ट हॉलस्टेड. १८९४ सालीं त्यानें पन्नास स्त्रियांवरील आपल्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायु आणि काखेंतील सर्व ग्रंथि, हें सारें एका तुकड्यांत काढावयाचें, अशी त्याची रीत होती. त्या काळच्या युरोपांतील नामांकित शस्त्रवैद्यांच्या हातीं निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या जखमेच्या जागीं रोग पुन्हां उगवे. हॉलस्टेडच्या पन्नासांपैकीं तिघींनाच तसें झालें. हा फरक एवढा मोठा होता कीं पुढचीं जवळजवळ पाऊणशें वर्षें हीच शस्त्रक्रिया जगभर प्रमाण मानली गेली. त्याबद्दल त्याला दोष देणें बरोबर होणार नाहीं. त्याच्यापुढें येणाऱ्या स्त्रिया बहुतेक फार उशिरां, मोठ्या गांठी घेऊन येत.

पण हाताविषयीं त्यानें काय म्हटलें होतें तेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. छातीचा स्नायु काढल्यानें हाताला येणारें अपंगत्व त्याला ठाऊक होतें. त्यावरचें त्याचें उत्तर असें कीं, जिवापुढें हाताची काय मातब्बरी. आणि शिवाय या स्त्रियांचें सरासरी वय पंचावन्नाच्या घरांत असल्यामुळें समाजांत फारसें काम करण्याचे त्यांचे दिवस संपलेलेच आहेत. त्याचें हें विधान बाल्टिमोरमध्यें कोणाला खटकलें असेल वा नसेल. सोनगीरच्या एखाद्या घरांत पंचावन्न वर्षांच्या सासूबाईंनीं चार दिवस अंथरूण धरलें तर काय काय अडून राहतें, तें पाहिलेल्या मनुष्याला मात्र तें पटणें कठीण आहे. आणि आपल्याकडे तर हा रोग होणाऱ्या पुष्कळ स्त्रिया पन्नाशीच्याहि आंतल्या असतात. त्यांचीं मुलें शाळेंत जात असतात.

येथें एक योगायोग सांगण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीं रबरी हातमोजे घालण्याची चाल रूढ होण्यास हाच हॉलस्टेड पुष्कळ अंशीं कारण झाला, आणि त्याचें निमित्त एका स्त्रीचे हात होते. त्याच्याबरोबर काम करणारी परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन हिचे हात जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणानें सोलवटत. ते वांचावे म्हणून त्यानें गुडइयर रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले, आणि १८९० सालीं तिच्याशीं विवाहहि केला. एकीच्या बोटांची इतकी काळजी आणि इतरांच्या खांद्यांविषयीं एवढी बेपर्वाई, यांचा मेळ घालीत बसण्यांत अर्थ नाहीं. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशा गोष्टी सांपडतातच. पुढें सुजलेले हात त्यालाहि स्वस्थ बसूं देईनात. १९२१ सालीं, मृत्यूच्या एकच वर्ष आधीं, त्यानें या सुजेवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तिला शस्त्रक्रियेनें आलेला हत्तीरोग असें नांव दिलें. जखमेंत जंतु शिरल्यामुळें ही सूज येते असा त्याचा कयास होता. तो अर्धाच खरा निघाला. परंतु रोगाला नांव मिळालें ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबईस या कथेचा धागा १९४१ सालीं येऊन मिळतो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजीहि गेले. त्यांच्या नांवच्या न्यासानें परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उभें केलें. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें उघडलें तेव्हां त्यांत ८० खाटा होत्या. १९५७ सालीं तें मध्यवर्ती सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे गेलें. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला ज्यांचें नांव आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारखे निष्णात शस्त्रवैद्य तेथें लाभले. खानदेशांतून जाणारा रोगी धुळें-चाळीसगांव फांट्यानें मोठ्या लोहमार्गाला लागे आणि दादरला उतरे. गांठीस पैसे नसणाऱ्यांना पुढें दादरचीच संत गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देऊं लागली. तीनशें किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून, घरचें कोणीतरी सोबत घेऊन, शेतीचीं कामें टाकून ही स्त्री मुंबईस येई. टांके निघाले कीं परत जाई. हाताच्या व्यायामासाठीं तिनें पुन्हां पुन्हां मुंबईस यावें, हें कोणी सांगितलें असतें तरी शक्य नव्हतें.

व्यायामानें हातपाय पूर्ववत् करण्याची विद्या तेव्हां आपल्याकडे नवीनच होती. महायुद्धांतील जखमी सैनिक आणि पोलिओनें अधू झालेलीं मुलें यांच्यामुळें तिला जगांत महत्त्व आलें. मुंबईंत १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनें के. ई. एम. रुग्णालयांत फिजिओथेरपीचें विद्यालय निघालें. तेंहि परळलाच, टाटा रुग्णालयाच्या शेजारीं. परंतु शेजारीं असणें वेगळें आणि एका विद्येनें दुसरीच्या घरांत पाऊल टाकणें वेगळें. खांदा मोडलेल्या कामगाराला व्यायाम सांगावा हें सर्वांना सुचे. स्तन काढलेल्या स्त्रीला तो सांगावा हें सुचण्यास, अमेरिकेंतसुद्धां, एका रोगी स्त्रीलाच पुढें यावें लागलें.

तिचें नांव टेरीज लॅसर. १९५२ सालीं न्यूयॉर्कमध्यें तिच्यावर हॉलस्टेडच्या रीतीची शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर तिनें डॉक्टरांना साधे प्रश्न विचारले. हात वर केव्हां नेतां येईल, कपडे कसे शिवून घ्यावे, मुलांना काय सांगावें, नवऱ्याशीं कसें वागावें. त्यांचीं उत्तरें कोणापाशीं नव्हतीं; किंवा असलीं तरी देण्याची पद्धत नव्हती. तिनें स्वतःच व्यायाम करून पाहिले, हात मोकळा केला, आणि मग ती दुसऱ्या स्त्रियांच्या खाटांपाशीं जाऊं लागली. जवळ एक दोरी आणि एक रबरी चेंडू असे. चेंडू मुठींत दाबायचा, दोरी दारावरून टाकून चांगल्या हातानें आजारी हात वर ओढायचा, आणि भिंतीशीं उभें राहून बोटांनीं भिंत चढायची. ती हे व्यायाम शिकवितांना स्वतःचा हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवी, आणि खाटेवरच्या स्त्रीला औषधापेक्षां त्याचाच उपयोग अधिक होत असावा. कांहीं शस्त्रवैद्यांना ही ढवळाढवळ मुळींच रुचली नाहीं. तरीहि तिचें काम वाढत गेलें आणि १९६९ सालीं अमेरिकन कॅन्सर सोसायटीनें तें आपल्याकडे घेतलें. बरी झालेली स्त्री नव्या रोगी स्त्रीला भेटते, ही जी पद्धत आज अनेक देशांत दिसते तिचा उगम येथें आहे.

इकडे सुरीहि लहान होत चालली होती. लंडनच्या पेटी या शस्त्रवैद्यानें १९४८ सालीं छातीचा मोठा स्नायु राखून शस्त्रक्रिया करण्याची रीत मांडली; हाताची शक्ति वांचविणारें हें पहिलें मोठें पाऊल. त्यानंतर मिलानचे उंबेर्टो व्हेरोनेसी यांनीं ७०१ स्त्रियांवर केलेला प्रयोग १९८१ सालीं, आणि अमेरिकेंतील बर्नार्ड फिशर यांचा प्रयोग १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. लहान गांठ असलेल्या स्त्रियांचा स्तन राखून, नुसती गांठ काढून वर किरणोपचार दिले तरी त्या तितकींच वर्षें जगतात, असें दोहोंनीं सिद्ध केलें. म्हणजे हॉलस्टेडनें जिवाच्या बदल्यांत जो हात गहाण टाकला होता, तो पुष्कळ स्त्रियांच्या बाबतींत टाकण्याची जरूरीच नव्हती. १९९० नंतरच्या दशकांत काखेचाहि विचार बदलला. रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोंचून लसिका ज्या ग्रंथींत प्रथम पोंचते ती रखवालदार ग्रंथि शोधावयाची. ती निरोगी असली तर बाकीच्या तशाच राहूं द्यावयाच्या. अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें काखेंतल्या ग्रंथि सरसकट काढलेल्या स्त्रियांपैकीं सुमारें पांचांतील एकीचा हात सुजतो; रखवालदार ग्रंथीवरच भागलें तर शंभरांपैकीं पांचसहा जणींचा. अर्थात् हा लाभ रोग लवकर सांपडला तरच मिळतो. उशिरां आलेल्या स्त्रीची काख आजहि साफच करावी लागते, आणि खेड्यांतून येणाऱ्यांत उशिरां येणाऱ्या पुष्कळ असतात.

सुरी लहान झाली तरी भीति मात्र लहान झाली नाहीं. ज्या हाताच्या ग्रंथि काढल्या त्या हातानें जड उचलूं नये, जोराचें काम करूं नये, नाहींतर तो सुजेल, असा उपदेश जगभर रोग्यांना मिळे, आणि तो जन्मभराचा असे. त्याला पुरावा काय, हें फारसें कोणी विचारलें नाहीं. या उपदेशाचें ओझें सर्वांवर सारखें पडत नव्हतें. ज्या घरीं पाणी नळानें येतें आणि भांडीं घांसायला बाई येते तेथें तो पाळणें सोपें. ज्या घरीं हंडा आहे तेथें पाळणें अशक्य. मग अशी स्त्री एक तर मनांत अपराधी भाव बाळगून हंडा उचलते, किंवा तो उचलण्याचें सोडते आणि घरांत आपण निकामी झालों असें समजूं लागते. या दुसऱ्या स्थितीला शस्त्रवैद्याच्या वहींत रोग म्हणत नाहींत.

१९९६ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें डॉ. डॉन मॅकेंझी या क्रीडावैद्यानें ही भीति कसोटीस लावण्याचें ठरविलें. त्यानें स्तनाच्या कर्करोगांतून बऱ्या झालेल्या २४ स्त्रिया जमविल्या आणि त्यांना चिनी पद्धतीच्या लांब नावेंत बसवून वल्हीं मारण्यास शिकविलें. खांदे, दंड आणि पाठ यांना एवढी मेहनत देणारा दुसरा खेळ शोधूनहि सांपडला नसता. आधीं कित्येक आठवडे तयारी, मग प्रत्यक्ष शर्यती. एकीचाहि हात नव्यानें सुजला नाहीं. त्या स्त्रियांनीं नाव सोडण्याचें नाकारलें. आणि आज अनेक देशांत अशा स्त्रियांच्या नावा पाण्यावर आहेत. चोवीस हा आंकडा लहानच, आणि शास्त्राला तो पुरत नाहीं. तें काम अमेरिकेंतील कॅथरिन श्मिट्झ यांनीं केलें. ज्यांचे हात आधींच सुजलेले होते अशा १४१ स्त्रियांपैकीं निम्म्यांना आठवड्यांतून दोनदां, दाबपट्टीची बाही घालून, अगदीं हलक्या वजनापासून हळूहळू चढत वजन उचलण्यास लावलें. वर्षाअखेर वजन उचलणाऱ्यांपैकीं शंभरी १४ जणींची सूज मध्यंतरीं चाळवली होती. न उचलणाऱ्यांत तेंच प्रमाण २९ होतें. हा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. कित्येक वर्षें चाललेला उपदेश असा जवळजवळ उलटा ठरला. मात्र यांतलें सारें मर्म ‘हळूहळू’ या शब्दांत आहे. सहा महिने हात झोळींत घेऊन बसावें आणि एके दिवशीं एकदम भरला हंडा उचलावा, याला त्या प्रयोगाचा आधार मुळींच नाहीं.

आपल्याकडे या विषयांत जें घडलें त्यांतील एक गोष्ट वरून क्षुल्लक दिसते. युरोपांतील एका संघटनेनें स्तनाच्या कर्करोगाच्या रोगी स्त्रियांना विचारण्यासाठीं तेवीस प्रश्नांची एक यादी केली होती. ती १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. खांदा किंवा हात दुखतो काय, हात सुजला आहे काय, तो वर किंवा बाजूला नेणें जड जातें काय, आपल्या शरीराविषयीं काय वाटतें, असे ते प्रश्न. टाटा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं ही यादी हिंदी आणि मराठींत आणली, ती येथल्या स्त्रियांना लागू पडते कीं नाहीं हें पारखलें, आणि २००५ सालीं तो अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया कशी झाली हें शस्त्रवैद्याऐवजीं त्या स्त्रीनेंच, तिच्या भाषेंत, सांगावें याची ही सोय होती. हॉलस्टेडच्या पन्नास स्त्रियांना तसें कोणी विचारलें नव्हतें. घरांत अहिराणी बोलणाऱ्या स्त्रीला छापील मराठीहि थोडी परकीच वाटते, आणि त्या यादींत हंड्याचा किंवा मांड्यांचा उल्लेख नाहीं, हें खरें. तरीसुद्धां प्रश्न विचारला गेला.

दुसरी गोष्ट योगाची. योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनीं मोजून पाहावा हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हे. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें तें त्याच हेतूनें. टाटा रुग्णालयानें स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर योगाचा मोठा प्रयोग केला. योगशिक्षक, डॉक्टर आणि व्यायामोपचार करणारे यांनीं मिळून सौम्य आसनें, विश्रांति आणि प्राणायाम यांचा क्रम बसविला. निम्म्या स्त्रियांना नेहमींचे व्यायाम, आणि निम्म्यांना ते व्यायाम अधिक योग, अशी वांटणी होती. डिसेंबर १९२२ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनंतरच्या डिसेंबर २०२२ मध्यें, अमेरिकेंतील सॅन अँटोनिओ येथल्या परिषदेंत त्याचे निष्कर्ष मांडण्यांत आले. योग करणाऱ्या गटांत रोग न उलटण्याच्या बाबतींत १५ टक्के आणि आयुष्याच्या बाबतींत १४ टक्के सापेक्ष सुधारणा दिसल्याचें रुग्णालयानें जाहीर केलें. एका प्रयोगाच्या आंकड्यांवर फार मोठी इमारत उभारूं नये, आणि योगानें कर्करोग बरा होतो असा अर्थ तर त्यांतून कोणीहि काढूं नये. त्या सर्व स्त्रियांना शस्त्रक्रिया आणि औषधें योग्य तीं मिळालींच होतीं. पण योग न करणाऱ्या गटालासुद्धां व्यायाम हा नेहमींचाच म्हणून दिला होता, ही गोष्ट जातां जातां लक्षांत येते. परळला १९४१ सालीं जो नव्हता तो आतां गृहीत धरला जात होता.

चालण्याचाहि विचार झाला आहे. अमेरिकेंतील परिचारिकांच्या एका दीर्घ अभ्यासांत हा रोग झालेल्या २,९८७ स्त्रियांची नोंद ठेवली होती. आठवड्याला तीन ते पांच तास मध्यम चालीनें चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांचें आयुष्य, न चालणाऱ्यांपेक्षां अधिक आढळलें. हें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. औषधोपचारांनीं येणारा थकवाहि विश्रांतीपेक्षां बेताच्या व्यायामानें अधिक कमी होतो, असें त्यानंतरच्या अनेक प्रयोगांत दिसून आलें. खानदेशांत चैत्र-वैशाखाच्या उन्हांत हें चालणें पहांटेसच साधेल. एकटी बाई कामाशिवाय रस्त्यानें फिरते, याला लोक काय म्हणतील ही अडचण उन्हाहून मोठी असते; ती घरच्या माणसानें बरोबर चालूनच सुटते.

हाताच्या व्यायामाचा क्रम आतां बहुतेक ठरून गेला आहे. इंग्लंडमधील १७ ठिकाणच्या ३९२ स्त्रियांवरील एका प्रयोगाचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. खांदा आंखडण्याचा धोका ज्यांना अधिक, त्यांना शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनीं व्यायामोपचार करणाराच्या देखरेखीखालीं व्यायाम सुरू करून दिले, तर वर्षानंतर त्यांचा हात अधिक चांगला चालतो, आणि अपाय कांहीं होत नाहीं. पहिल्या दिवसांत मूठ उघडणें-मिटणें, कोपर वांकविणें, खांदे गोल फिरविणें एवढेंच. जखमेंतील नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊं नये. नळी निघाली आणि जखम भरूं लागली, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्यानें पुढच्या हालचाली. काठी दोन्ही हातांत धरून वर नेणें, हात मानेमागें नेणें, मग पाठीमागें. पुढें वजन; आणि त्यासाठीं लोखंडी गोळे आणण्याची गरज नाहीं. तांब्या पाण्यानें भरला म्हणजे एक वजन, कळशी भरली म्हणजे दुसरें. सोनगीरच्या दुकानांत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनें मांडलेलीं भांडीं म्हणजे व्यायामाची तयार पायरीच आहे. ओढ लागते, थोडें ताणल्यासारखें होतें, तेथवर जावें. दुखूं लागलें कीं थांबावें. हात जड वाटूं लागला किंवा बांगडी घट्ट होऊं लागली, तर ती सुजेची पहिली खूण समजून डॉक्टरांना दाखवावें.

मांड्यांविषयीं एक सांगणें अवश्य आहे, कारण त्यांत हालचाल चांगली असली तरी खापर तापलेलें असतें. ग्रंथि काढलेल्या हाताला भाजलें, कापलें किंवा कांटा रुतला तर त्यांत जंतु लवकर माजतात आणि सूज उसळते. या बाबतींत हॉलस्टेडचा संशय पुष्कळसा बरोबर होता. म्हणून कणीक हातावर फिरविण्याचें काम तिनें खुशाल करावें, आणि पसरलेला मांडा खापरावर टाकण्याचें काम कांहीं दिवस जावेनें किंवा मुलीनें करावें. भाजलेंच तर लगेच थंड पाणी, आणि लाली पसरूं लागली कीं दवाखाना.

घरांतल्या व्यायामाला लागते ती एक भिंत. भिंतीकडे तोंड करून एका पावलावर उभें राहावें, आजारी हाताचीं बोटें भिंतीवर टेकून कोळ्यासारखीं हळूहळू वर चढवावीं, आणि जेथें थांबावें लागेल तेथें दुसऱ्या हातानें खडूची एक रेघ ओढावी. दिवसांतून दोनतीनदां. घरांतलीं लहान मुलें या रेघांकडे फार बारकाईनें पाहतात, आणि कालच्यापेक्षां आजची किती बोटें वर गेली हें तींच आधीं ओरडून सांगतात. दुसऱ्या हाताचीं बोटें जेथपर्यंत पोंचतात तेथें एक जाड रेघ आधींच काढून ठेवलेली असावी.